ठाण्याचे डॉक्टर पटवर्धन



एखादे डॉक्टर चित्रं काढतात असं कळलं की आपण म्हणतो, 'वा, एवढ्या धावपळीत छंद जपला!' सुधीर पटवर्धन यांच्याविषयी बोलताना हे कौतुक कामाचं नाही. तीस वर्षं ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, आणि त्याच तीस वर्षांत भारतातले एक महत्त्वाचे चित्रकार झाले.

जन्म १९४९चा, पुण्यातला. पुण्याच्याच सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नाहीत. सेझानसारख्या चित्रकारांची चित्रं बघत, स्वतः काढत शिकले. १९७३मध्ये मुंबईला आले आणि १९७५पासून ठाण्यात काम सुरू झालं. १९७९ साली इब्राहिम अल्काझी यांच्या 'आर्ट हेरिटेज' या कलादालनानं दिल्लीत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं. १९८१च्या 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, जोगेन चौधरी, नलिनी मलानी, विवान सुंदरम यांच्यासोबत सहावे होते ते पटवर्धन. आसपासची माणसं आणि त्यांचं जगणं चित्रात यायला हवं, असं ठामपणे सांगणारं ते प्रदर्शन होतं. आणि या सगळ्या काळात ठाण्यातलं एक्स-रे बघण्याचं काम चालूच होतं.

त्या काळच्या एक्स-रेच्या खोलीत काय चालायचं, तेही जरा आठवून बघा. शर्ट काढा, गळ्यातला ताईत बाजूला ठेवा. छाती गार प्लेटला टेकवा, हनुवटी वर, खांदे पुढे. 'श्वास घ्या... धरून ठेवा... सोडा.' मग ती फिल्म अंधाऱ्या खोलीत जायची, आधी डेव्हलपरमध्ये, मग फिक्सरमध्ये. क्लिपला टांगलेली ओली फिल्म उजेडावर धरली की हाडं पांढरी, फुप्फुसातली हवा काळी, आणि मोडलेल्या हाडात केसाएवढी बारीक काळी रेघ.

यावरून एक सोपा निष्कर्ष निघतो, आणि तो पुष्कळदा ऐकू येतो: ज्याला माणसाच्या आतलं बघायची सवय, तो चित्रातही आतलंच बघणार. मला हे पटत नाही. पटवर्धनांची माणसं आरपार दिसणारी नाहीतच. 'इराणी रेस्टॉरंट' हे १९७७चं चित्र घ्या, १९८०चं 'ट्रेन' घ्या. ही माणसं भरीव आहेत, जड आहेत. खांदे रुंद, हात कष्टाचे, अंगाचा भार नीट कळणारा. माझ्या मते फिल्मपेक्षा फिल्म निघायच्या आधीचा क्षण त्यांना उपयोगी पडला असावा. उघड्या अंगानं, थोडा अवघडून, सांगितलं तसा उभा राहिलेला माणूस. कपडे उतरले तरी त्याचं काम त्याच्या अंगावर दिसत राहतं. ज्या माणसांवरून ही चित्रं येतात, त्यांना त्यात स्वतःला ओळखता यावं, अशी इच्छा पटवर्धनांनी बोलून दाखवली आहे. चित्रकारानं स्वतःवर घातलेली ही फार कडक अट आहे. शहरातल्या कामगाराची दया येऊन काढलेली चित्रं कमी नाहीत, पण ती त्या कामगाराला दाखवायची वेळ सहसा येत नाही.

आता पैशांचं बोलू, कारण त्याविना ही गोष्ट अर्धी राहील. सत्तरच्या दशकात चित्रं विकून घर चालवणं जवळजवळ अशक्यच होतं. प्रभाकर बरवे यांच्यासारखा थोर चित्रकार विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होता. पटवर्धनांना आधार मिळाला वैद्यकीचा. गिऱ्हाइकाला काय आवडेल याचा विचार न करता लोकलचा डबा, रस्ता, नाला, रेल्वेचा अपघात असे विषय मोठ्या कॅनव्हासवर घेता आले. त्याची किंमत वेळेत मोजावी लागली. दिवसाचा मोठा भाग पेशंटचा, उरेल तो चित्राचा.

शिवाय त्या कामानं त्यांना ठाण्यात एका जागी ठेवलं. वागळे इस्टेटच्या कारखान्यांचं, वाढत्या वस्त्यांचं ठाणं त्यांच्या डोळ्यांसमोर बदलत गेलं. त्यांचं 'पोखरण' नावाचं चित्र आहे. हे पोखरण राजस्थानातलं नव्हे, येऊरच्या डोंगराकडचा आपला पोखरण रोड. पुढे २००१मध्ये त्यांनी 'लोअर परळ' रंगवलं. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावाचं काय झालं, यावर भाषणं पुष्कळ झाली. इथे गिरण्यांची धुरांडी आणि नवे टॉवर एकाच नजरेत येतात, आणि त्यांच्यामधून माणसं आपापल्या वाटेनं चाललेली असतात. कुणावर बोट रोखलेलं नाही, तरी बघणाऱ्याला स्वस्थ वाटत नाही.

मुंबईत असेच दुसरे डॉक्टरही होते, पटवर्धनांचे स्नेही गीव्ह पटेल. मुंबई सेंट्रलला दवाखाना चालवणारे जनरल प्रॅक्टिशनर. शिवाय कवी, नाटककार आणि चित्रकार. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. रस्त्यावर मार खाऊन पडलेले देह त्यांनी रंगवले, आणि विहिरीत वाकून बघण्याची एक चित्रमालिका वर्षानुवर्षं केली. दोघांची चित्रं शेजारी ठेवली तर साम्य थोडंच सापडेल, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टरी शिकल्यानं ठरावीक पद्धतीचं चित्र येत नाही. माणसाच्या शरीरासमोर नजर न वळवता उभं राहायची सवय मात्र दोघांकडेही होती.

२००५ साली पटवर्धनांनी वैद्यकी थांबवली आणि ते पूर्ण वेळ चित्रकार झाले. २००८च्या सुमारास समकालीन चित्रकारांची मूळ चित्रं घेऊन महाराष्ट्रातल्या शहरांत फिरणारं प्रदर्शन त्यांनी रचलं. मुंबई-दिल्लीबाहेरच्या माणसालाही अस्सल चित्रासमोर उभं राहता यावं, यासाठी एवढी खटपट करणारे चित्रकार आपल्याकडे थोडे आहेत. २०१४मध्ये त्यांनी 'मुंबई प्रोव्हर्ब्स' हे सात भागांचं चित्र पुरं केलं. २०१९च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं.

त्यांचं एखादं चित्र तुमच्या जवळपास कुठे लागलं, तर वेळ काढून जा. फोनच्या पडद्यावर फक्त गर्दी दिसते. मूळ चित्रासमोर पाच-दहा मिनिटं थांबलात, तर त्या गर्दीतला एकेक माणूस वेगळा दिसू लागतो. जमलं तर मुलांनाही सोबत न्या.