पुढे पाठवण्याआधी

(कांजूरमार्ग येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



पाड्यांवरच्या कुटुंबांसाठी आपण धान्य देता, ताडपत्र्या देता, त्याचा हिशेब ठेवता. पण एक गोष्ट आपण तिकडे बेहिशेबी पाठवतो, ती म्हणजे मोबाइलवरचे मेसेज. 'मुंबईच्या ताईंनी पाठवलंय' एवढं म्हटलं की पाड्यावर त्या मजकुराला वजन येतं. म्हणून आज त्याबद्दल.

जुलैच्या आसपास एक मेसेज हमखास फिरतो. उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांपासून पृथ्वी सूर्यापासून लांब जाणार, अंतर ९ कोटी किलोमीटरवरून १५ कोटी २० लाख होणार, थंडी पडणार, घसा धरणार, तेव्हा आतापासूनच गोळ्या घ्या. यातला १५ कोटी २० लाखांचा आकडा खरा आहे, आणि तिथेच माणूस फसतो. जानेवारीच्या सुरुवातीला हे अंतर साधारण १४ कोटी ७० लाख असतं, ९ कोटी कधीच नसतं. फरक ३ टक्क्यांच्या आसपास, तोही दरवर्षीचा. ऋतू या अंतरामुळे होत नाहीत, पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे होतात. आपण हसून सोडून देऊ. पण लावणीच्या दिवसांत हातात मोजके पैसे असलेली बाई त्यातून गोळ्या आणते, ते हसण्यावारी नेता येत नाही.

याहून वाईट म्हणजे 'हवामान खात्याचं कधी खरं ठरतं का?' हे वाक्य. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात! इशारा जिल्ह्यासाठी असतो, आपल्या गल्लीत ऊन पडलं म्हणून तो खोटा ठरत नाही. पण आपली थट्टा पाड्यापर्यंत पोहोचते आणि लाल इशाऱ्याच्या दिवशीही माणसं ओढा ओलांडायला जातात.

हवामान बदलाविषयी दोन टोकांच्या गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे, 'हवामान पूर्वीपासूनच बदलत आलंय, यात नवीन काय?' बदलत आलंय हे खरंच. पण कोळसा, तेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड आपण दीडशे-दोनशे वर्षांत दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या वर नेला. पृथ्वीवरची गोधडी जाड झाली. १ अंशाने तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि ती वाफ कधी ना कधी खाली येतेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकूण पाऊस घटला, पण मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या.

दुसरं टोक म्हणजे, '२०५० ला मुंबई बुडणार.' २०१९ मध्ये एका अभ्यासाचा नकाशा वर्तमानपत्रांत आला, त्यावरून हे सुरू झालं. भरतीच्या पातळीखाली येऊ शकेल अशी सखल जमीन त्यात दाखवली होती, आणि समुद्राला अडवणारे बांध त्यात धरले नव्हते. म्हणजे काळजी करण्यासारखं आहेच. खाडी आणि मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला उधाणाचं पाणी काय असतं हे सांगायला नको, आणि कांदळवन राखलं पाहिजे हेही त्यातूनच कळतं. पण सगळं बुडणारच म्हटलं की कांदळवनासाठी कोण उभं राहील? घाबरवणारा मेसेज आपल्याच बाजूचा वाटला तरी मी तो पुढे पाठवत नाही.

पाड्यावर बोलताना मात्र आकडे पिशवीतच ठेवा. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, पाऊस पूर्वी कसा यायचा? 'आता दडी मारतो आणि मग एकदम कोसळतो' असं त्याने सांगितलं, तर कोल यांच्या निष्कर्षातलं अर्धं त्यानेच सांगून टाकलं. तुम्ही फक्त का, ते सांगायचं. चुकीचा समज असेल तर तो पुन्हा पुन्हा उच्चारू नका, खरं काय ते आधी सांगा. चारचौघांत कुणाला खोटं पाडू नका. आपल्याकडे लाज राखली तर माणूस ऐकतो.

आणि विजेचं तर नक्की सांगा, कारण इथे जीव जातो. मोबाइल वीज ओढून घेत नाही. झाडाखाली, विशेषतः एकट्या उंच झाडाखाली थांबणं धोक्याचं. पक्क्या घरात जावं. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो, हा समज सगळ्यांत घातक आहे. त्याच्या अंगात वीज उरत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात केली तर तो वाचू शकतो. लोक लांब उभे राहतात आणि तीच मिनिटं जातात.

त्याच पुण्याच्या संस्थेने 'दामिनी' नावाचं मोबाइल अ‍ॅप काढलं आहे. आसपास २० ते ४० किलोमीटरवर वीज पडत असेल तर ते कळवतं. पुढच्या पाडाभेटीला जाणाऱ्यांनी चहानंतर जरा थांबा, प्रत्येकाच्या फोनवर ते घालून घेऊ आणि छाती कशी दाबायची तेही करून बघू.