स्वभावाचा धोका, स्वभावाची वाट



‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. मला ते मान्य नाही. हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात स्वभाव मोजण्याची रीत मांडली. तेव्हापासून कितीतरी अभ्यासांत एक गोष्ट दिसत आली आहे: जे लवकर धास्तावतात, शब्द मनाला लावून घेतात, झालेलं उगाळत राहतात, त्यांना पुढे नैराश्याचा किंवा चिंतेचा आजार होण्याचा धोका अधिक असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकात अनुवंशाचा वाटा साधारण 40 ते 50 टक्के असतो. पण धोका म्हणजे आजार नव्हे, आणि अबोलपणा हा तर आजार नव्हेच. गप्प मुलीला घुमी म्हणून हिणवू नका. बोलकी मुलगी अचानक गप्प झाली, तर मात्र तिच्याजवळ जाऊन बसा.

कुणी म्हणेल, शहापूरसारख्या तालुक्यात स्वभावाचं काय घेऊन बसलात? तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं मुंबईची तहान भागवतात आणि शहापूरचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पावसाळा सरला की कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा सुटते. दुःखाचं मूळ तिथे आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पाण्याची आणि कामाची उणीव समुपदेशनाने भरून निघत नाही. तरीही एकाच झोपडीतल्या दोन भावांपैकी एक सावरतो आणि दुसरा खचतो. खचणाऱ्याला आपण दुबळा ठरवतो, तिथे चुकतं. परिस्थिती जितकी कठीण, तितकी हळव्या मुलाची काळजी आधी घ्यायला हवी.

शिवाय स्वभाव बदलतो. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये, उपचारांनी स्वभाव बदलतो का हे पाहणारे 207 अभ्यास एकत्र तपासले. उपचार सरासरी 24 आठवड्यांचे होते, आणि सर्वांत जास्त सुधारणा भावनिक स्थैर्यात दिसली. ती केवळ तात्पुरती मनःस्थिती असेल, अशी शंका रास्त आहे. पण उपचार थांबल्यावरही बदल टिकल्याचं त्यांना आढळलं. उपचार मिळवणं मात्र सोपं नाही. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून आहे, पण पाड्यावरून तिथवर जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 वर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावा, आणि आश्रमशाळांच्या वसतिगृहांत सर्वांत आधी, कारण तिथल्या मुलांजवळ रात्री घरचं माणूस नसतं.