बुडालेल्या युद्धनौकांची साक्ष

कोल्हापूर हे घाटमाथ्यावरचे शहर. समुद्र आणि आपण यांच्यामध्ये सह्याद्री आडवा उभा आहे. तेव्हा येथून बुडालेल्या युद्धनौकांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणासही पडेल. परंतु कोल्हापूरच्या गादीला एके काळी समुद्र होता. मालवणचे बंदर आणि शिवछत्रपतींनी बांधलेला सिंधुदुर्ग ही दोन्ही ठाणी करवीरकर छत्रपतींच्या ताब्यात होती. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याचे नाव ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले आणि पुढे मोबदला घेऊन तो परत दिला. अखेर १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले आणि शस्त्रसज्ज जहाजे बाळगण्याचा करवीर दरबाराचा अधिकारही संपला. एक आरमार असे कागदावरच्या सहीने अस्तास गेले. दुसरे एक मराठी आरमार त्यापूर्वीच आगीत गेले होते. आजचा विषय त्या दुसऱ्या आरमारापासून सुरू होतो.

१७५६ च्या फेब्रुवारी महिन्यात ॲडमिरल वॉटसन याच्या हाताखालील इंग्रजी आरमार विजयदुर्गासमोर आले. त्यावरील फौजेचा प्रमुख रॉबर्ट क्लाइव्ह होता. किल्ल्यात सत्ता तुळाजी आंग्र्यांची, आणि जमिनीच्या बाजूने चालून आलेली फौज पेशव्यांची! किल्ल्याच्या आश्रयाला खाडीत आंग्र्यांचे आरमार एकमेकांलगत नांगरलेले होते. इंग्रजांच्या उखळी तोफेचा एक कुलपी गोळा ‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे ईस्ट इंडिया कंपनीचेच. आंग्र्यांनी ते पूर्वी पाडाव केले होते. त्याने पेट घेतला, आग शेजारच्या गुराबांवर गेली, तेथून गलबतांवर गेली, आणि काही तासांत कान्होजींच्या काळापासून जमवीत आणलेले आरमार भस्मसात झाले. किल्ला इंग्रजांनी प्रथम आपल्याकडेच ठेवला. पेशव्यांना तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, बाणकोटच्या बदल्यात, मिळाला. पाश्चात्त्य आरमारांना तोंड देऊ शकणारे आपले एक बलाढ्य आरमार आपल्याच माणसांच्या संमतीने परक्याच्या हातून जळाले, ही गोष्ट आजही मनास लागून राहते.

आता एक विचार करा. त्या दिवसाचे जे चित्र मी आपल्यापुढे ठेवले ते कोणी काढलेले आहे? बहुतांशी जिंकणाऱ्यांनी. गोळा कोठे पडला, आग कशी पसरली, किती गलबते जळाली, हे सारे आपण इंग्रजांच्या वृत्तान्तांवरून सांगतो. गुराब दिसे कशी, तिच्या पुढे निमुळत्या होत गेलेल्या नाळीवरून समोर मारा करणाऱ्या तोफा कशा बसविलेल्या असत, उथळ खाडीतही ती कशी शिरे, हेदेखील आपल्याला प्रामुख्याने परक्या दप्तरांतून कळते. मग शत्रूची ही साक्ष प्रमाण मानावी काय?

याचे उत्तर शोधण्यास थोडे दूर, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याकडे, जावे लागेल. १९ नोव्हेंबर १९४१ रोजी ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियाची युद्धनौका ‘कोर्मोरान’ या वेषांतर केलेल्या जर्मन जहाजाशी लढताना बुडाली. तिच्यावरील ६४५ माणसांपैकी एकही वाचला नाही. जर्मन जहाजही बुडाले, परंतु त्यावरील तीनशेहून अधिक माणसे वाचून कैदेत आली. म्हणजे या लढाईचे जे साक्षीदार उरले ते सारे एकाच, आणि तेही शत्रूच्या, पक्षाचे! व्यापारी जहाजासारख्या दिसणाऱ्या नौकेने एवढी बलाढ्य युद्धनौका बुडविली, हे ऑस्ट्रेलियातील अनेकांना पटेना. जर्मनांनी सांगितलेले स्थळ खोटे असावे, काही कपट झाले असावे, अशा शंका दोन पिढ्या चालल्या. अखेर २००८ च्या मार्च महिन्यात डेव्हिड मर्न्स या शोधकाच्या पथकास प्रथम ‘कोर्मोरान’ आणि चारपाच दिवसांत ‘सिडनी’ अशी दोन्ही जहाजे सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर सापडली. ‘सिडनी’च्या पोलादावरील गोळ्यांची भोके आणि पाणतीराचा घाव यांनी जर्मन कैद्यांच्या हकिगतीला पुष्टी दिली. शत्रू त्या बाबतीत खरे बोलत होता.

पण म्हणून मित्राची साक्ष नेहमी खरी ठरते असेही नाही. जपानची ‘मुसाशी’ ही जगातील सर्वांत प्रचंड युद्धनौकांपैकी एक. ती २४ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपाइन्सजवळील सिबुयान समुद्रात बुडाली. ती अखंड बुडाली अशीच सर्वसाधारण समजूत होती. २०१५ साली पॉल ॲलन यांच्या पथकाला ती सुमारे एक किलोमीटर खोलीवर सापडली, तेव्हा दिसून आले की पाण्याखाली गेल्यावर तिच्या पोटात स्फोट होऊन तिचे तुकडे झाले होते. जे डोळ्यांसमोरून नाहीसे झाल्यावर घडले, ते डोळ्यांनी पाहणारा कसे सांगणार? आपल्याकडेही १९७१ च्या युद्धात ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमसमोर बुडाली. भारतीय पक्ष श्रेय आपल्या ‘राजपूत’ या विनाशिकेस देतो. पाकिस्तानी पक्ष अपघाती स्फोटाचे कारण सांगतो. अशा वादात शेवटचा साक्षीदार समुद्राचा तळ हाच असतो.

हा साक्षीदार शोधावयाचा कसा? येथे दप्तर आणि यंत्र यांची जोडी लागते. ‘बिस्मार्क’ ही जर्मन युद्धनौका २७ मे १९४१ रोजी अटलांटिक महासागरात बुडाली. तिच्याभोवती ब्रिटिश जहाजे होती, तरी प्रत्येकाने टिपलेले स्थान दुसऱ्याशी जुळत नव्हते. रॉबर्ट बॅलार्ड यांना एक वर्ष हात हलवीत परतावे लागले. १९८९ च्या जून महिन्यात पंधरा हजार फुटांहून अधिक खोलीवर त्यांनी ती शोधली, ती तळावर विखुरलेल्या अवशेषांचा माग कॅमेऱ्याने काढीत काढीत. अमेरिकेच्या ‘इंडियानापोलिस’ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हिरोशिमावर टाकलेल्या अणुबाँबचे भाग पोहोचविल्यानंतर, ३० जुलै १९४५ रोजी, ती पाणतीराने बुडाली. ती बुडण्यापूर्वी काही तास दुसऱ्या एका जहाजाने तिला वाटेत पाहिले होते. त्या जहाजाची नोंद एका इतिहासकाराने दप्तरातून काढली, शोधाचे क्षेत्र बदलले, आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये ती साडेपाच हजार मीटर खोल सापडली. जहाज समुद्रात हरवले होते, पण त्याचा पत्ता कागदांत होता!

यंत्रांचे तत्त्व समजण्यास सोपे आहे. पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, ध्वनी जातो. म्हणून तळाकडे ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तळाचे चित्र काढतात. काही लहरी गाळाच्या थरांतही शिरतात आणि आत पुरलेल्या वस्तूची चाहूल देतात. लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारा किंचित फरक टिपणारे यंत्र निराळेच असते. गाळाखालची तोफ किंवा नांगर त्याला कळू शकतो.

आता विजयदुर्गाकडे परत येऊ. पोलादी जहाज खोल पाण्यात टिकते. लाकडी जहाजाचे काय? स्वीडनची ‘वासा’ १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाली आणि १९६१ साली जवळजवळ संपूर्ण वर काढता आली. कारण बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने लाकूड पोखरणारा समुद्रकृमी तेथे नांदत नाही. आपल्या उष्ण, खाऱ्या समुद्रात हा कृमी मुबलक. मात्र इंग्लंडची ‘मेरी रोझ’ ही नौका वेगळी गोष्ट सांगते. १५४५ साली ती एका कुशीवर बुडाली. जी बाजू पाण्यात उघडी राहिली ती नष्ट झाली; जी गाळात रुतली ती १९८२ साली वर आली. गाळात हवा पोहोचत नाही, म्हणून कृमीही जगत नाही.

जळणारे लाकडी जहाज बहुधा पाण्याच्या रेषेपर्यंत जळते. मग पाणी आत शिरून उरलेला तळ बुडतो. विजयदुर्गाची खाडी तर गाळाने भरत आलेली आहे. तेव्हा त्या गुराबांचे कणे, खालच्या फळ्या, नांगर, तोफा, तोल राखण्यासाठी तळाशी भरलेले नीरमाचे दगड यांपैकी काही त्या चिखलात असणे असंभवनीय नाही. सागवानाच्या टिकाऊपणाविषयी तर शंका नकोच. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळ एका पोर्तुगीजकालीन बुडालेल्या जहाजाचा शोध घेतला, तेव्हा तोफ, हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात आणि चिनी मातीची भांडी हाती आली. म्हणजे आपल्या समुद्राने सारेच गिळून टाकलेले नाही.

मात्र शोध म्हणजे लूट नव्हे. जावा समुद्रात १९४२ साली बुडालेल्या ‘डी राइटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौका २००२ साली पाणबुड्यांनी शोधल्या. २०१६ साली पुन्हा जाऊन पाहतात तो तेथे तळावर केवळ त्यांच्या आकाराचे खळगे उरलेले! भंगाराच्या लोभाने कोणी शेकडो खलाशांच्या समाध्या उचलून नेल्या होत्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपली ‘खुकरी’ बुडाली. तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. दीवच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. ती जागा आपण समाधी मानतो ना? मग विजयदुर्गाच्या खाडीकडेही त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तेथे हात घालावयाचा तो अभ्यासकाने, मोजमाप आणि नोंद करून. सापडलेल्या लाकडाच्या रक्षणाची तजवीज आधी केल्यावाचून एक फळीही हलवू नये. गाळातून एकदा बाहेर आलेले लाकूड उघड्यावर वाळू दिले, तर ते फाटते, आकसते आणि अडीचशे वर्षांनी टिकलेले पुरावे थोड्या दिवसांत हातचे जातात.

श्रोतेहो, आपण आपल्या आरमाराचा अभिमान पुष्कळ बाळगतो. पण त्या आरमारातील एक गुराब किती लांब होती, तिचे लाकूड कोणत्या जंगलातले, तिची तोफ कोठे ओतलेली, हे विचारले तर परक्यांच्या लेखांकडे बोट दाखवावे लागते. परक्यांचे लेख खोटेच असतील असे नाही. ‘सिडनी’च्या प्रकरणाने तेच शिकविले. परंतु ते खरे किती आणि अतिशयोक्त किती, हे पारखण्यासाठी आपल्याजवळ दुसरा साक्षीदार हवा. त्याचा अर्धा भाग पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी अक्षरांत असू शकेल. उरलेला अर्धा विजयदुर्गाच्या चिखलात असू शकेल. पहिल्यासाठी मोडी वाचणारे तरुण हवेत, दुसऱ्यासाठी यंत्रे आणि धीर. खाडी खोल करण्याचे किंवा धक्के बांधण्याचे काम तेथे केव्हाही निघाले, तर त्याआधी तळाची पाहणी व्हावी, एवढा आग्रह तरी आपण सर्वांनी धरावा. गाळ उपसणारे यंत्र एकदा तेथून फिरले, की मग त्या साक्षीदाराला कोणीही पुन्हा बोलावू शकणार नाही.