ट्रायल रूमचा प्रश्न आणि आपला ठराव
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



महिला शाखेने सभेपुढे आणलेला विषय काहींना क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाने स्त्री-पुरुषांच्या निराळ्या ट्रायल रूम मोडून सर्वांसाठी एकच रांग केली. मध्ये पातळ फळ्या आणि दाराऐवजी पडदा. आपल्या लेकीसुनांना तेथे कपडे बदलण्याचा संकोच वाटतो, म्हणून ज्ञातीने त्या दुकानावर बहिष्कार घालावा, अशी सूचना आहे.

संकोच रास्तच आहे. प्रश्न आहे तो उपायाचा. असाच वाद अमेरिकेत झाला, तो ऐकण्यासारखा आहे. 'टार्गेट' नावाच्या दुकानसाखळीने एप्रिल 2016 मध्ये जाहीर केले, की तृतीयपंथी ग्राहकांनी आपण स्वतःस जे मानतो त्यानुसार स्वच्छतागृह व ट्रायल रूम वापरावी. 'अमेरिकन फॅमिली असोसिएशन' या ख्रिस्ती संस्थेने तत्काळ बहिष्काराचे प्रतिज्ञापत्र काढले आणि थोड्याच दिवसांत त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कंपनीने धोरण सोडले नाही. परंतु त्याच ऑगस्टमध्ये, ज्या दुकानांत एकट्याने वापरावयाचे, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह नव्हते तेथे ते बांधण्यासाठी 2 कोटी डॉलर खर्चण्याचे तिने ठरविले. माणसे वगळण्याची मागणी फळास आली नाही. भिंत आणि कडी मात्र मिळाली! त्या कडीचा लाभ सर्वांनाच झाला, तृतीयपंथीयांनाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये त्यांना तृतीय लिंग म्हणून मान्यता दिलेली आहे. तेव्हा आपल्या अर्जात कोणाही मनुष्यवर्गाविरुद्ध शब्द नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता 'बहिष्कार' या शब्दाविषयी. इंग्रजीत त्याला ज्या बॉयकॉट साहेबाचे नाव चिकटले, तो आयर्लंडमध्ये एका जमीनदाराचा कारभारी होता. 1880 मध्ये कुळांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. आपल्या ज्ञातींना हे शस्त्र त्याच्याही कितीतरी आधीपासून ठाऊक होते आणि आपण ते बहुधा आपल्याच माणसांवर चालविले. वाळीत पडलेल्या घराकडे लग्नाला कोणी जात नसे, प्रेतास खांदा मिळत नसे. महाराष्ट्र विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व तो 2017 पासून अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एखाद्या दुकानातून खरेदी न करणे हा ज्याचा त्याचा अधिकार होय. पण "ज्ञातीचा हुकूम आहे, जो तेथे जाईल त्याच्याशी संबंध ठेवू नये" असे कोणी म्हणू लागला, तर तो निराळ्याच रस्त्याला लागला. म्हणून ठरावातील 'ज्ञातीने' हा शब्द गाळून 'आम्ही खाली सही करणारे ग्राहक' असे लिहावे. शिवाय त्या पडद्यामागे उभी राहणारी मुलगी कोणत्या ज्ञातीची हे आपण विचारणार आहोत काय? शेजारपाजारच्या भगिनींच्याही सह्या घ्याव्या.

संघटित ग्राहक म्हणजे काय, हे पाहण्यास परदेशी जावयास नको. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून हे कार्य करीत आहे. घराघरांचे लहान गट करून एकत्र खरेदी करण्याची तिची रीत आपल्यापैकी अनेक कुटुंबांनी अनुभवली असेल.

आपल्या मागण्या तीनच असाव्यात: जमिनीपासून छतापर्यंत भिंत, आतून लागणारी कडी आणि स्त्रियांसाठी वेगळी रांग. कॅमेऱ्याविषयीही लेखी हमी मागावी. एप्रिल 2015 मध्ये गोव्यात कांदोळी येथील एका दुकानात त्या वेळच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी ट्रायल रूमच्या रोखाने असलेल्या कॅमेऱ्याविषयी तक्रार केली होती, हे आपणांस स्मरत असेल. चोरून पाहणे वा चित्र घेणे हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तशी शंका आल्यास अर्जविनंत्या करीत न बसता थेट पोलिसांत जावे.

प्रथम चार-पाच भगिनींनी व्यवस्थापकास शांतपणे भेटावे, अर्जाची पोच घ्यावी व एक महिन्याची मुदत द्यावी. काउंटरवरील नोकर मुलींशी हुज्जत घालू नये. धोरण त्यांनी ठरविलेले नाही. मुदतीत काही न घडल्यास सह्या करणाऱ्यांनी दिवाळीची खरेदी अन्यत्र करावी आणि तसे दुकानास लेखी कळवावे.

अर्जाचा मसुदा कोषाध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आहे. भगिनींनी तो आधी वाचून दुरुस्त करावा. पुरुषांनी सह्या त्यानंतर कराव्या.