लियम ब्रेडी : मधल्या फळींतील एक कारकीर्द

फुटबॉलच्या खेळांत यशाचें माप गोलांनीं होतें, आणि गोल करणाराचें नांव दुसऱ्या दिवशीं शाळकरी पोरांच्याहि तोंडीं असतें. ज्यानें प्रतिपक्षाच्या पायांतून चेंडू काढून, दोघांतिघांना चुकवून, तो नेमका त्या गोलवीराच्या पावलापाशीं आणून ठेवला, त्याची विचारपूस क्वचितच होते. पंगतींत आग्रह करून वाढणाराची वाहवा होते. आंत चुलीपाशीं घामाघूम झालेल्या आचाऱ्याची आठवण कोणाला? मधल्या फळींतील खेळाडूचा धंदा हा असा आचाऱ्याचा आहे. असें असूनहि आयर्लंडच्या लियम ब्रेडीचें नांव इंग्लंडांत आणि इटलींत आजमितीस आदरानें घेतलें जातें. त्याचें कारण त्याच्या डाव्या पायांत जेवढें आहे, तेवढेंच त्याच्या वागणुकींतहि आहे.

ब्रेडीचा जन्म १३ फेब्रुवारी १९५६ रोजीं डब्लिन शहरीं झाला. घरांत फुटबॉल होताच. रे आणि पॅट हे त्याचे थोरले बंधु लंडनच्या क्लबांतून धंदेवाईक म्हणून खेळलेले होते. परंतु ज्या देशांत तो जन्मला, तेथें फुटबॉल हा सर्वांच्या आवडीचा खेळ होता असें मात्र नाहीं. आयर्लंडचा स्वतःचा असा गेलिक फुटबॉल म्हणून एक निराळा खेळ आहे. त्यांत चेंडूस हात लावतां येतो. राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांतून हाच खेळ शिकवीत. हा खेळ चालविणाऱ्या संघटनेचा असा कडक नियम होता कीं, तिच्या सभासदानें फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे परकीय खेळ खेळूं नयेत. हा नियम १९७१ सालीं रद्द झाला. परंतु ब्रेडीच्या शाळकरी वयांत तो जिवंत होता. आयर्लंडच्या विद्यार्थी संघाचें कप्तानपद त्याच्याकडे आलें आणि त्यासाठीं शाळेचा गेलिक सामना त्यानें चुकविला, तेव्हां शाळेचा रोष त्याच्यावर ओढवला. ज्या मुलानें देशाचें नेतृत्व केलें त्याचें कौतुक करावयाचें सोडून त्याच्यावर रागावणें ही कसली देशभक्ति, असें कोणाहि शिक्षकाच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. पुढें फार दिवस तो त्या शाळेंत राहिला नाहीं.

पंधरा वर्षांचा ब्रेडी १९७१ सालीं लंडनच्या आर्सेनल क्लबांत उमेदवारीस दाखल झाला. अंगानें किरकोळ, स्वभावानें घरकोंबडा. पहिल्या नाताळास घरीं आला तेव्हां परत जावयास त्याचें मन घेईना. पण गेला, आणि १९७३ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं, आर्सेनलच्या मुख्य संघांतून मैदानावर उतरला. पुढील सात वर्षांत ३०७ सामने आणि ५९ गोल अशी त्याची कामगिरी आहे. पण आंकड्यांवरून त्याचा खेळ कळावयाचा नाहीं. तो धांवण्यांत फार वेगवान नव्हता कीं धक्काबुक्कींत बळकट नव्हता. चेंडू जणूं त्याच्या डाव्या पायास सुतानें बांधलेला असे. मान वर, नजर चाळीस पावलांवर, आणि पाय खालीं आपलें काम आपणच करीत असलेला. २३ डिसेंबर १९७८ रोजीं टॉटनहॅमच्या मैदानावर आर्सेनलनें ५–० असा विजय मिळविला. त्या दिवशीं ब्रेडीनें पायाच्या बाहेरील कडेनें चेंडू असा वळवून जाळ्यांत घातला कीं, तो गोल लंडनचे वृद्ध प्रेक्षक अद्याप सांगतात.

पण ब्रेडीचा खरा वकूब पहावयाचा तर १२ मे १९७९ चा दिवस पाहावा. वेम्बलीवर एफ. ए. कपाचा अंतिम सामना. प्रतिपक्ष मँचेस्टर युनायटेड. आर्सेनलचे दोन गोल चढलेले होते आणि केवळ चारपांच मिनिटें उरलीं होतीं. एवढ्यांत मँचेस्टरनें लागोपाठ दोन गोल करून बरोबरी साधली. आर्सेनलचे खेळाडू पार खचले. तोंच ब्रेडीनें चेंडू घेतला आणि थकलेल्या पायांनीं तो पुढें चालूं लागला. गोल करावा असा त्याचा हेतु नव्हताच. चेंडू आपल्या गोलापासून शक्य तेवढा दूर न्यावा, एवढेंच त्याच्या मनांत होतें, असें त्यानें मागाहून सांगितलें आहे. त्यानें तो डावीकडे रिक्सला दिला, रिक्सनें पलीकडे उंच टाकला, आणि संडरलंडनें गोल केला. ३–२. तो सामना लोकांनीं संडरलंडच्या नांवें लिहून ठेवला आहे!

पुढील वर्ष कसोटीचें ठरलें. मे १९८० मध्यें आर्सेनलनें चार दिवसांच्या अंतरानें दोन अंतिम सामने गमावले. दुसरा ब्रुसेल्स येथें स्पेनच्या व्हॅलेन्शिया संघाशीं होता. गोलशून्य बरोबरीनंतर निकाल पेनल्टींवर गेला, आणि पेनल्टी चुकविणाऱ्या दोघां आर्सेनलकरांत ब्रेडी एक होता.

त्याच उन्हाळ्यांत तो इटलींतील तूरीनच्या युव्हेन्टस क्लबांत गेला. १९६६ च्या विश्वचषकांत उत्तर कोरियाकडून मानहानि झाल्यावर इटलीनें परदेशी खेळाडूंना दारें बंद केलीं होतीं. तीं १९८० सालीं उघडलीं, तींहि क्लबामागें एकाच परक्यापुरतीं. युव्हेन्टसनें ती एक जागा ब्रेडीला दिली आणि दहा नंबरचा सदरा त्याच्या अंगावर चढविला. मार्गदर्शक जोव्हान्नी त्रापात्तोनी. जोडीदार झॉफ, शिरेआ, जेंटिले, तार्देल्ली असे मातबर. ब्रेडीनें ती भाषा शिकून घेतली, तेथील रीतभात आत्मसात केली, आणि पहिल्याच वर्षीं संघानें इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. साखळी सामन्यांत युव्हेन्टसकडून सर्वांत अधिक गोल त्यानेंच केले होते : आठ.

दुसरें वर्ष संपत आलें असतां त्याच्या कानीं वार्ता आली. आगामी हंगामापासून दोन परदेशी खेळाडूंस परवानगी मिळणार होती; पोलंडचा बोनियेक येणार हें ठरलें होतें, आणि दुसरी जागा आपली, अशी ब्रेडीची समजूत होती. ती जागा फ्रान्सच्या मिशेल प्लाटिनीला देण्यांत आली. चालकांनीं त्यास तसें कळविलें, तेव्हां हंगामाचे थोडेच सामने शिल्लक होते. ज्यास नोकरीवरून दूर केल्याचें अगोदर कळविलें आहे, तो माणूस उरलेल्या दिवसांत कसें काम करतो, हें आपण कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून पाहतोंच. कोणी दोष द्यावा असेंहि त्यांत कांहीं नसतें.

१६ मे १९८२. शेवटच्या फेरीस युव्हेन्टस व फ्लॉरेन्सचा फिओरेन्तिना यांचे गुण समसमान. युव्हेन्टसचा सामना इटलीच्या पार दक्षिणेस कातान्झारो येथें, फिओरेन्तिनाचा कालियारीस. दोन्हीकडे गोल होईना. कालियारी येथें फिओरेन्तिनाचा एक गोल पंचांनीं नामंजूर केला. त्याचा वाद फ्लॉरेन्सकर अजून मिटूं देत नाहींत. इकडे सुमारें पाव तास उरला असतां प्रतिपक्षाच्या बचावफळींतील एकाचा हात चेंडूस लागला आणि युव्हेन्टसला पेनल्टी मिळाली. पेनल्टी घेण्याचें काम ब्रेडीकडे असे. दोन वर्षांपूर्वीं याच महिन्यांत तो चुकला होता. शिवाय अजिंक्यपद ज्यांना मिळावयाचें, त्यांनीं त्यास निरोप दिलेला होता. त्यानें चेंडू जागेवर ठेवला, दोन पावलें मागें आला, आणि डाव्या पायानें गोल केला. सामना १–० असाच संपला आणि युव्हेन्टसचें विसावें अजिंक्यपद सिद्ध झालें. तो त्या क्लबासाठीं त्याचा अखेरचा साखळी सामना होता.

पुढें तो जेनोआच्या सॅम्पडोरियांत गेला. नव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशीं या नवागत संघानें प्लाटिनी आणि बोनियेकसह आलेल्या युव्हेन्टसला १–० असें हरविलें! त्यानंतर मिलानचा इंटर, मग आस्कोली. इटलींत एकूण सात वर्षें काढून १९८७ मध्यें तो लंडनच्या वेस्ट हॅमकडे परतला.

देशासाठीं खेळतांना मात्र दैव त्याच्याशीं फारच कंजुषपणानें वागलें. ७२ सामने खेळून एकाहि मोठ्या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यांत त्यास पाऊल ठेवतां आलें नाहीं. १९८२ च्या विश्वचषकासाठीं आयर्लंड व फ्रान्स यांचे गुण सारखे झाले. गोलांच्या फरकानें फ्रान्स गेला, म्हणजे येथेंहि प्लाटिनीच पुढें. १९८८ च्या युरोपीय स्पर्धेस आयर्लंड प्रथमच पात्र ठरला, तर बल्गेरियाविरुद्धच्या सामन्यांत मैदानाबाहेर काढल्यामुळें ब्रेडीवर बंदी, आणि त्यापाठोपाठ गुडघा दुखावलेला. जॅक चार्लटन या इंग्रज मार्गदर्शकास चेंडू लांब भिरकावून धांवण्याचा खेळ प्रिय होता; त्यांत कलाकुसरीस वाव थोडा. सप्टेंबर १९८९ मध्यें पश्चिम जर्मनीशीं डब्लिनला सामना चालू असतां चार्लटननें मध्यंतरापूर्वींच ब्रेडीला बाहेर बोलावलें. विश्रांतीपर्यंत तरी थांबावयास हवें होतें.  त्यानंतर त्यानें देशाकडून खेळणें सोडलें. १९९० च्या उन्हाळ्यांत आयर्लंड विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, आणि ती स्पर्धा भरली होती इटलींत.

त्याच वर्षीं मे महिन्यांत वेस्ट हॅमसाठीं शेवटचा सामना खेळतांना ब्रेडीनें शेवटच्या क्षणीं गोल केला आणि बूट उतरवले. सेल्टिक व ब्रायटन येथें त्यानें मार्गदर्शकाचें काम केलें, पण त्यांत तो रमला नाहीं. १९९६ पासून सुमारें अठरा वर्षें आर्सेनलच्या कुमार खेळाडूंची जोपासना त्याच्याकडे होती. ॲशली कोल आणि जॅक विल्शर हे त्याच शाळेंतून बाहेर पडले. मध्यंतरीं २००८ सालीं आयर्लंडच्या संघास मार्गदर्शक म्हणून एक वृद्ध इटालियन गृहस्थ नेमण्यांत आले. हे तेच जोव्हान्नी त्रापात्तोनी. त्यांनीं साहाय्यक म्हणून ब्रेडीला बोलावलें, आणि तो गेला. २०१० पर्यंत तें काम त्यानें केलें.