मज्जातंतूंचा निरोप



तापलेल्या तव्याला बोट लागताच हात आपोआप मागे येतो. बोटाचा निरोप तारेतील विजेसारखा धावतो, अशी आपली समजूत असते. परंतु हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूतील त्याचा वेग मोजला, तेव्हा तो सेकंदाला अवघा २७ मीटरच्या आसपास भरला.

या संथपणाचे मर्म हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूल या सागरी जीवाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ साली उलगडले. तंतूची आतली बाजू एरवी बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना मिळताच आवरणातील सूक्ष्म द्वारे उघडतात, सोडियमचे धनभारित कण आत शिरतात आणि क्षणभर आतली बाजू धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते. तोवर शेजारची द्वारे उघडलेली असतात. निरोप असा पावलोपावली नव्याने जन्म घेतो, म्हणून वाटेत क्षीण होत नाही.

हा निरोप खुंटला तर काय होते, ते कुष्ठरोगात दिसते. त्याचे जंतू मज्जातंतूंना वेढणाऱ्या पेशींतच शिरतात. तंतू निकामी झाला की चटका कळत नाही, जखम चिघळते. बोटे झडतात ती मुख्यतः अशा दुर्लक्षित जखमांनी. समाजाने मात्र तेथे पाप पाहिले आणि माणसाला वेशीबाहेर काढले. बधिर चट्टा वेळीच डॉक्टरांना दाखविल्यास हा रोग औषधांनी बरा होतो. कपाटातले हे ज्ञान आपण घरोघरी न्यावे.