लंकेतले सात दिवस : सहल की धम्मयात्रा?

(विहाराच्या वर्धापनदिनी श्रीलंकेला जाऊन आलेल्या उपासक-उपासिकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या वस्तीतील आम्ही एकतीस जण श्रीलंकेला जाऊन आलो. त्यात सतरा भगिनी होत्या. आल्यापासून आम्हाला दोन प्रश्न विचारले जातात. एक, काय काय पाहिले? दुसरा, विहाराची अभ्यासिका अपुरी पडत असताना एवढा पैसा फिरण्यावर का घातला? पहिल्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे आहे. दुसरा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

हा पैसा वर्गणीचा नव्हता. तो भिशीचा होता, दोन वर्षे दरमहा टाकलेल्या भिशीचा. आमच्यातले काही पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले, काही चाकणच्या कंपन्यांत अजून शिफ्ट करणारे. भगिनींपैकी कुणी अंगणवाडीत, कुणी शिवणकाम करणाऱ्या, कुणी चार घरची कामे केलेल्या. बहुतेकांच्या आईबापांनी ७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि मग मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून या पट्ट्यात पोट भरायला आले. अशा माणसांनी आयुष्यात एकदा विमानात बसावे की नाही, हा ज्याचा त्याने विचार करावा. अभ्यासिकेचे म्हणाल तर तिच्या वर्गणीच्या वहीत या एकतीस जणांची नावे आधीपासून आहेत, वही उघडून पाहावी.

आता प्रवास. आम्ही गाईडसह नेणाऱ्या एका टूर कंपनीकडे गेलो. त्यांनी छापील कागद हातात दिला. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटाचा समुद्रकिनारा, कासवांचे केंद्र, रत्नांचे दुकान, मसाल्यांची बाग. शिवाय सीता अम्मन मंदिर आणि अशोक वाटिका. हिंदुस्थानातल्या प्रवाशांना श्रीलंका बहुधा रामायणाच्या वाटेने दाखवतात. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी जरूर जावे, आमची काही तक्रार नाही. पण त्या कागदावर अनुराधपूर नव्हते! मिहिंतले नव्हते! म्हणजे देहूला जायचे आणि इंद्रायणी न बघता परत यायचे, तसला प्रकार. आमच्यातल्या एका मावशी तिथल्या तिथे म्हणाल्या, "साहेब, समुद्र आम्ही अलिबागला बघू. आम्हाला संघमित्रेचं झाड दाखवा." शेवटी बेंटोटा काढले, अनुराधपूरच्या दोन रात्री घातल्या, माणशी थोडे पैसे वाढले. रत्नांचे दुकान मात्र काही केल्या निघाले नाही. तिथे एक तास गेला आणि एकानेही काही घेतले नाही.

मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांच्या आसपास. विमानतळावर मोठी बुद्धमूर्ती दिसली आणि आमच्यातल्या निम्म्या जणांनी रांगेतच हात जोडले. गाईड सिंहली होता, हिंदी सिनेमे पाहून हिंदी शिकलेला. त्याने "आयुबोवन" म्हणून नमस्कार केला, म्हणजे दीर्घायुषी व्हा. त्याच्या बोलण्यातले शब्द ऐकून गंमत वाटू लागली. गावाला गम, हाताला अत, आणि पंचशीलाला पन्सिल! पौर्णिमेला ते पोय म्हणतात, तो शब्द आपल्या उपोसथावरून आला. पाली आणि प्राकृताच्या घरातली ही भाषा, तेव्हा मराठीची लांबची चुलत बहीणच म्हणायची.

अनुराधपूरला आम्ही पोहोचलो ते नेमके पौर्णिमेला, १४ डिसेंबरला. डिसेंबरच्या पौर्णिमेला तिथे उंदुवप पोय म्हणतात. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत उतरली, त्याचा हा दिवस. तारीख जुळून आली ती मात्र मुद्दाम जुळवली होती, बरं का. भिशीच्या बैठकीत भगिनींनीच तसा हट्ट धरला होता. पोयच्या दिवशी सगळ्या देशाला सुट्टी असते आणि दारूची दुकाने बंद. सगळीकडे पांढरे कपडे. म्हाताऱ्या बायका, शाळेची मुले, कडेवर बाळ घेतलेले बाप, सगळे पांढऱ्यात. आमच्याही पांढऱ्या साड्या होत्या. आपल्याकडे वंदनेला नेसतो त्याच. त्यामुळे त्या गर्दीत आम्ही वेगळे ओळखू येईनात आणि गाईडची पंचाईत झाली. तो सारखा एकतीस मोजायचा आणि पस्तीस भरायचे.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात लावलेले हे झाड अजून जिवंत आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत जगात हे सर्वांत जुने मानतात. झाड फार मोठे असेल असे वाटले होते. तसे ते नाही. उंच ओट्यावर सोनेरी कठडा, आत बारीकशा फांद्या, त्यांना टेकू दिलेले. एखाद्या आजारी म्हाताऱ्याला जसे चार बाजूंनी धरून बसवावे तसे ते झाड धरून ठेवले आहे. बोधगयेचे मूळ झाड टिकले नाही. इथली ही फांदी मात्र बावीसशे वर्षांहून जास्त लोकांनी सांभाळली, पाणी घातले, हत्तींपासून राखली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही इथल्याच रोपापासूनचा, भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणलेला. हे आम्ही गाईडला सांगितले तेव्हा त्याला ते ठाऊक नव्हते. त्याने वहीत टिपून घेतले. १४ मे १९८५ रोजी यादवी युद्धाच्या काळात याच जागी बंदूकधाऱ्यांनी यात्रेकरूंवर गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी शहरात शंभराहून अधिक माणसे मेली, हे त्याने आम्हाला सांगितले. प्रवेशाला तपासणी असते ती त्यामुळे.

तिथे आम्ही वाळूत बसलो आणि त्रिसरण-पंचशील म्हटले. आपली चाल वेगळी, त्यांची वेगळी. पण शब्द तेच असल्यामुळे शेजारी बसलेल्या बायकांनी मागे वळून पाहिले आणि आमच्यासोबत म्हणायला लागल्या. भाषा एक अक्षर कळत नाही आणि पंचशील मात्र सगळे एका सुरात. शेवटी "साधु, साधु, साधु". त्यातल्या एकीने आमच्या मावशींच्या हातात निळी कमळे दिली.

दुसऱ्या दिवशी स्तूप पाहिले. रुवनवेलिसाय पांढराशुभ्र, भोवतालच्या भिंतीला हत्तींची रांग. जेतवन स्तूप मूळचा चारशे फूट उंच होता, नऊ कोटींहून जास्त विटांचा, असे सांगतात. आमच्यातले एक काका जन्मभर फाऊंड्रीत होते, ते त्या विटांजवळ अर्धा तास उभे. एवढे वजन खालचा थर कसा पेलतो, पाया कसा भरला असेल, हाच त्यांचा विषय. मग मिहिंतले. अशोकपुत्र महिंद आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट जिथे झाली तो डोंगर, १८४० पायऱ्यांचा. राजाची बुद्धी पाहण्यासाठी महिंदाने म्हणे आंब्याच्या झाडावरून प्रश्न विचारले, हे कोणते झाड, याशिवाय आंबे आहेत का, आंबे नसलेली झाडे आहेत का, असे. आपल्या भाज्याच्या आणि घोरावडेश्वरच्या पायऱ्या चढलेल्यांना मिहिंतले जड गेले नाही.

सिगिरियावर बाराशेच्या आसपास पायऱ्या, निम्मे लोक खाली थांबले. दंबुल्लाची गुंफा-मंदिरे सुंदर, पोलन्नरुवाची गल विहारची मूर्ती त्याहून सुंदर. त्याबद्दल फोटो बोलतील, ते बाहेर लावले आहेत.

आता जे सांगायला आम्हाला अवघड जाते ते सांगतो. कँडीला दंतधातूच्या विहारात गेलो. मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब याच शहरात आले होते. कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहन केले होते. आमच्यातल्या एका तरुणाने गाईडला विचारले, "इथे बौद्ध देशात अस्पृश्य कुठून आले?" गाईड जरा गप्प झाला. मग म्हणाला, जात आमच्याकडेही आहे. लग्नाच्या जाहिरातीत दिसते.

नंतर आम्ही खोलात जाऊन विचारले, वाचलेही. १७५३ मध्ये सयाममधून भिक्खू बोलावून कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू झाली, तो सियाम निकाय. पण पुढे तिथे फक्त गोविगम या शेतकरी वरच्या जातीच्या मुलांनाच उपसंपदा मिळू लागली. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतल्या लोकांना ते सोसले नाही. १८०० च्या सुमारास त्यांच्यातले काही ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, तिथून उपसंपदा घेऊन आले आणि स्वतःचा अमरपूर निकाय काढला. ज्या धम्मात नद्या समुद्राला मिळाल्यावर आपले नाव टाकतात असे आपण लहानपणापासून ऐकले, त्या धम्माच्या देशात चीवरालाही जात विचारली गेली!

त्या रात्री हॉटेलात जेवणावर कुणाचे लक्ष नव्हते. काही जण म्हणाले, हे विहारात सांगू नका, लोकांचा हिरमोड होईल. आमचे बहुमत पडले की सांगायचे. कारण दालचिनी सोलणाऱ्यांनी रडत बसण्याऐवजी समुद्र ओलांडला, ही गोष्ट आपली आहे. आणि देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी जी बुद्धमूर्ती बसवली, तीही ब्रह्मदेशातूनच, रंगूनहून आलेली.

भगिनींचा प्रश्न वेगळा होता. संघमित्रेने भिक्खुणी संघ स्थापला, मग आज भिक्खुणी कुठे आहेत? अकराव्या शतकानंतर तो संघ लंकेत संपला. पण त्याआधी पाचव्या शतकात लंकेच्या भिक्खुणी चीनला जाऊन तिथे उपसंपदा देऊन आल्या होत्या. तोच धागा धरून १९९६ मध्ये सारनाथला लंकेच्या दहा स्त्रियांनी उपसंपदा घेतली, १९९८ मध्ये बोधगयेला आणखी काहींनी, आणि त्याच वर्षी दंबुल्लाला लंकेच्या भूमीवर. मोठ्या निकायांच्या महानायकांनी अजून ते मान्य केलेले नाही. म्हणजे लंकेने दिलेले उसने लंकेला परत मिळाले आणि घ्यायला घरातली मोठी माणसे तयार नाहीत. आमच्या भगिनींनी यावर जे शेरे मारले ते छापण्याजोगे नाहीत.

नुवारा एलियाला थंडी महाबळेश्वरसारखी. चहाचे मळे डोळ्यांना फार गोड दिसतात. १८६७ मध्ये जेम्स टेलर या माणसाने कँडीजवळ लागवड सुरू केली. कॉफी रोगाने बसली आणि चहा पसरला. मजूर आणले तामिळनाडूतून, त्यांत पुष्कळ दलित जातींतले. १९४८ च्या कायद्याने या लाखो माणसांना नागरिकत्वच नाकारले, आणि तो घोळ निस्तरायला पुढची पन्नासेक वर्षे गेली. गाईड फॅक्टरीत पत्ती कशी सुकवतात, कशी मळतात ते दाखवत होता. आमच्या बायका मात्र बाहेर चाळींकडे बघत होत्या. एका ओळीत एकेक खोली, त्याला लाईन म्हणतात. टोपलीचा पट्टा कपाळाला लावलेली एक बाई उतारावरून आली. आमच्यातल्या एकीने खुणेने विचारले, दिवसाला किती? तिने बोटे मोडून सांगितले, काही कळले नाही. पण दोघी बऱ्याच वेळ एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. बसचा हॉर्न वाजला तेव्हा सुटल्या.

शेवटी कोलंबो. धर्मानंद कोसंबी गोव्याहून निघून पोटात अन्न नसताना १९०२ मध्ये इथे पोहोचले आणि विद्योदय परिवेणात श्रामणेर झाले. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. आज मराठीत बुद्धाबद्दल आपण जे वाचतो त्यातले बरेच त्या एका प्रवासातून आले. आमच्याकडे वातानुकूलित बस होती.

जेवणाचे एवढेच की भात लालसर, खोबरे प्रत्येकात. शेवयांसारखा एक पदार्थ सकाळी मिळतो, तो सगळ्यांना आवडला. बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवशी संपली.

पुढच्या गटासाठी थोडे सांगून ठेवतो. कपडे पांढरे आणि गुडघे-खांदे झाकणारे घ्या. चपला-टोप्या बाहेर काढाव्या लागतात, दुपारी फरशी पोळते, म्हणून पायमोजे ठेवा. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू देत नाहीत, हट्ट धरू नका. कंपनीशी ठरवताना अनुराधपूरच्या किती रात्री हे कागदावर लिहून घ्या. पासपोर्टची तयारी आधी सुरू करा. शाळेत मास्तरांनी आपल्या सगळ्यांची जन्मतारीख एक जून टाकली आहे, आधारवर दुसरीच आहे आणि नावात कुठे आडनाव आधी, कुठे नंतर. आमचे निम्मे वर्ष त्यातच गेले. नावे विहाराच्या कार्यालयात रविवारच्या वंदनेनंतर द्यावीत. खर्चाचा पैशानपैशाचा हिशेब फळ्यावर लावला आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.